आत माणूस आहे

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं उभ्या जन्मात एकाच गोष्टीवर एकमत झालं: त्यांनी आमच्याकडे राहायला यायचं नाही. त्यांना माझ्या हातचं जेवण, माझा आवाज आणि आमच्या घरातले पडदे सोसत नाहीत. मला त्यांचं काहीच सोसत नाही. त्यामुळे त्यांचा जुना कॉम्प्युटर बिघडला तेव्हा तो दुरुस्त व्हावा म्हणून जीव तोडून धडपडणारी माणसं दोनच होती, आणि ती दोघं एकमेकांशी धड बोलतही नव्हती.

कॉम्प्युटरचा आणि राहायला येण्याचा संबंध माझ्या नणंदेने जोडला. ती माझ्या नवऱ्याहून धाकटी, पण त्या घरात हुकूम तिचाच चालतो. मागे सासरे बाथरूममध्ये पडले आणि त्यांनी कोणालाच कळवलं नाही. फोनवर रोज "ठणठणीत आहे" म्हणत राहिले. ती अचानक भेटायला गेली तेव्हा त्यांचं अर्धं कपाळ जांभळं झालेलं आणि एक डोळा सुजून मिटलेला. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं की बाबांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. रोज संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यात तोंड दाखवायचं. तोंड दिसायचं बंद झालं की एकटं राहणंही बंद. तिच्याकडे जागा नाही, तिची स्वतःची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. म्हणजे त्यांनी यायचं आमच्याकडे, आणि आमच्याकडे म्हणजे माझ्या मुलीच्या खोलीत.

मुलगी नोकरीच्या गावी असायची तोवर हे निदान ऐकून घेता येत होतं. पण ती परत आली होती. परीक्षा द्यायची आहे, रजा काढून अभ्यासाला आली आहे, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. त्यावर नणंद म्हणाली होती की अभ्यास काय, हॉलमध्येही होतो.

मुलगी अभ्यास करत नव्हती. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची. एके दिवशी कामावरून परतताना ती आपल्या थांब्यावर उतरलीच नाही. बस डेपोत गेली, ड्रायव्हरने दिवे मालवले, तरी ही आपली सीटवर. हाक मारली तरी बोलेना. शेवटी त्या भल्या माणसाने तिच्याच फोनवरून 'आई' असं लिहिलेला नंबर लावला. आम्ही जाऊन तिला घेऊन आलो. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, गोळ्या चालू आहेत, वेळ लागेल म्हणतात. ती दिवसभर पडदे ओढून खोलीत पडून असायची. दाराशी ताट ठेवायचं, अर्धंमुर्धं परत यायचं. मी ग्रंथालयातून बिनपगारी रजा घेतली आणि त्या दाराच्या आवाजावर कान ठेवून घरात वावरू लागले. तिने माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं: कोणाला सांगायचं नाही, आणि आत्याला तर मुळीच नाही. अशा खोलीत आणखी एक पलंग टाकून त्यावर पहाटेपासून खाकरणारा आणि दिसेल त्याच्या चुका काढणारा माणूस आणून बसवायचा, हे मी होऊ देणार नव्हते.

आता त्या माणसाविषयी सांगते. माझे सासरे लिफ्टचे मेकॅनिक होते. मिसरूड फुटायच्या आत कामाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. लोखंडी जाळीच्या दारांच्या लिफ्ट, दवाखान्यातल्या खाट मावणाऱ्या लिफ्ट, हॉटेलातल्या नुसती ताटं वर पाठवणाऱ्या लिफ्ट, सगळ्या त्यांनी उघडून पाहिल्या. लिफ्टची दुरुस्ती म्हणजे एकाने खाली अंधाऱ्या खड्ड्यात उतरायचं किंवा केबिनच्या टपावर उभं राहायचं, आणि दुसऱ्याने वर मोटरच्या खोलीत पॅनलपाशी थांबायचं. तरुणपणी त्यांचा जोडीदार खाली असताना कोणा घाईतल्या माणसाने वर येऊन काढून ठेवलेला फ्यूज पुन्हा बसवला आणि लिफ्ट चालू झाली. जोडीदाराचं पाऊल गेलं. त्याला खांद्यावर टाकून सासऱ्यांनीच वर आणलं. त्या दिवसापासून आत कोणी उतरलं की फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि पॅनलपाशी पाय रोवून उभं राहायचं, ही त्यांची पद्धत झाली. त्या जड फ्यूजमुळे विजारीचे खिसे सारखे फाटत. सासूबाई बिचाऱ्या त्यांना दुहेरी कापडाचं अस्तर लावून द्यायच्या, आणि ते अस्तर तिरकं लागलंय म्हणून बोलणी खायच्या.

माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं लग्न ठरताना झालं. किती शिकलीस, त्यांनी विचारलं. एम. ए. म्हटलं. कशात, तर इतिहासात. "म्हणजे जे होऊन गेलंय त्यातच," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. पण ते मी विसरले असते. जे विसरले नाही ते मुलीच्या जन्माच्या वेळचं. दवाखान्यातून घरी निघायच्या दिवशी ते आले, नातीकडे बघायच्या आधी लिफ्टकडे बघून आले, आणि नवऱ्याला म्हणाले की हिला जिन्याने उतरव, दोराची देखभाल नीट नाही. टाके ओले असताना मी चार मजले उतरले. माझ्यापुढे मुलीला छातीशी धरून ते पायरी-पायरीने उतरत होते आणि मधेमधे मागे वळून मला हळू चालते म्हणून टोकत होते. ती लिफ्ट पुढे कित्येक वर्षं सुखाने चालली.

आजही ते स्वतः राहतात त्या इमारतीत जिन्यानेच चढतात. लिफ्टचं कंत्राट ज्यांच्याकडे आहे ती गाढवं आहेत, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसने मोडीत काढलेला एक डबा. त्याचा पंखा घशात काही अडकल्यासारखा वाजतो. एके दिवशी त्यातल्या बोलण्याच्या प्रोग्रामने जाहीर केलं की ही आवृत्ती आता चालणार नाही. नवी आवृत्ती म्हणाली, तुमचं यंत्र फार जुनं आहे. दुकानातला माणूस बोलावला, तो म्हणाला फेकून द्या, तर सासऱ्यांनी त्याला दंडाला धरून जिन्यापर्यंत पोचवलं. नवा घेऊ म्हटलं, तर चालू वस्तू का टाकायची. तो चालू नाही म्हटलं, तर मग चालू करा. मोबाइल त्यांना नको. दिला होता, त्यांनी तो शेजाऱ्याला देऊन टाकला. खिशात फोन ठेवणारा माणूस म्हणजे गळ्यात घंटा बांधलेलं ढोर, हे त्यांचं मत. घरात तारेचा फोन आहे तेवढा पुरे.

नणंदेने रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर समोरच्या घरात राहणाऱ्या, चष्म्याचं दुकान असलेल्या चष्मेवाल्याला तिने रोज डोकावून जायला सांगितलं. नवऱ्याने हात वर केले. तो म्हणाला, बाबांशी फोनवर बोललो तर दोघांपैकी एकाला झटका येईल. उरले मी. ग्रंथालयातले कॉम्प्युटर मीच सांभाळते, त्यामुळे अशा जुनाट यंत्रांची मला सवय आहे. मधली एक आवृत्ती त्यांच्या डब्यावर चालेल असं मी शोधून काढलं. पण ती बसवायची तर आधी आत साचलेला वर्षानुवर्षांचा कचरा काढायला हवा होता, आणि ते काम मला आमच्या घरातून, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावरून करायचं होतं. मुलीला सोडून मी कुठेही जाणार नव्हते.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये लांबून शिरायचा एक प्रोग्राम असतो. त्यांच्या पडद्यावर एक आकडा येतो, तो त्यांनी मला सांगायचा, मी तो इकडे टाकायचा, की त्यांचा पडदा मला दिसतो आणि त्यांच्याकडचा बाण माझ्या हाताने हलतो. हा प्रोग्राम फोनवरून सांगत त्यांच्याकडून बसवून घेण्यात सबंध दिवस गेला. उजव्या कोपऱ्यात काय दिसतं, असं विचारलं तर उत्तर आलं, "कोपरा." दाबा म्हटलं की कशासाठी, आणि कशासाठी ते सांगितलं की मग आधी का नाही सांगितलं. शेवटी एकदाचा आकडा आला.

"सांगा," मी म्हटलं.

"आकडा कोणालाही सांगायचा नाही असं तूच मला बजावलं होतंस."

"कोणालाही म्हणजे बाहेरच्या माणसाला, बाबा."

"मग तू कोण?"

मी फोन ठेवला, पाणी प्यायले आणि पुन्हा लावला. त्यांनी आकडा सांगितला, एकेक अंक मोठ्याने, बहिऱ्याला सांगावा तसा. त्यांचा पडदा माझ्यासमोर उघडला. मी बाण जरासा सरकवला आणि सगळं काळं झालं. त्यांनी भिंतीतला प्लग उपटला होता. मला वाटलं, चुकून झालं असेल. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा आकडा, पुन्हा बाण हलला, पुन्हा अंधार. असं दोन दिवस चाललं. मी ओरडले, मग विनवलं, मग जे बोलू नये तेही बोलले. त्यांचं एकच उत्तर होतं. माझा हात त्यावर नाही आणि ते हलतंय, तर आधी करंट बंद. बाकी गप्पा नंतर.

"तुम्हाला आमच्याकडे यायचंय का?" मी शेवटी विचारलं.

"मरेन, पण येणार नाही."

"मग त्या प्लगला हात का लावता?"

"सूनबाई, तू कॉलेजात शिकलीस, मी शिकलो नाही, म्हणून माझे दोन्ही पाय शाबूत आहेत."

त्या पायांचा मला फार राग आला आणि रात्रभर येत राहिला. पण त्यातूनच सकाळी सुचलं. हे स्वतःला खड्ड्यात उतरलेला माणूस समजतात, आणि वरून कोणी तरी यंत्र चालू करतंय असं त्यांना दिसतं. मग प्लग उपटणार नाहीत तर काय करतील? शनिवारी दुपारी मी फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं, "बाबा, आज आत मी उतरणार आहे. तुम्ही वर, पॅनलवर."



"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"निघालीस की आवाज दे. काय म्हणशील?"

"'बाहेर आले' म्हणेन."

"तेवढंच म्हणायचं. 'झालं', 'ठीक', असलं काही मी ऐकणार नाही. आणि तोपर्यंत मी हात लावणार नाही, कोणाला लावूही देणार नाही."

त्यांनी फोनचा रिसीव्हर कीबोर्डशेजारी ठेवला. मी माझा मोबाइल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि आत शिरले. बाण हलला. अंधार झाला नाही. मी एकमेकांशी भांडणारे दोन व्हायरस मारणारे प्रोग्राम काढले, कुठून कुठून चिकटलेल्या जाहिरातींच्या पट्ट्या काढल्या, एकाच फोटोच्या ढिगाने प्रती पुसल्या. ते समोर बसून सगळं पाहत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांनी माझं कुठलंही काम न टोकता पाहिलं असेल तर ते हे. मग मी ती मधली आवृत्ती उतरवून बसवायला लावली. एक हिरवी पट्टी गोगलगायीच्या गतीने पुढे सरकू लागली. मी तिच्याकडे बघत बसले.

तेवढ्यात मुलीच्या खोलीचं दार उघडलं.

ती चौकटीत उभी होती, भिंतीला धरून. पडून पडून तिच्या केसांचा मागे एक घट्ट गोळा झाला होता, मुठीएवढा, वाळलेल्या शेणीसारखा कडक. इतके दिवस ती मला त्याला हात लावू देत नव्हती.

"आई, हे केस सोडवून देतेस? झोपलं की दुखतं."

मी उठले. खुर्ची मागे पडली असावी, मला आठवत नाही. हिरवी पट्टी, फोन, सासरे, रविवार, काही म्हणजे काही माझ्या डोक्यात उरलं नाही. मी तिला बाथरूममध्ये नेलं, स्टुलावर बसवलं, दार लोटलं, आणि तेल लावून एकेक बट सोडवू लागले. घाई केली तर ती उठून जाईल, या धास्तीने मी श्वासही बेताने घेत होते. मोठ्या दातांचा कंगवा, मग बारीक, मग नुसती बोटं. कुठे सुटेना तिथे तिला विचारून कात्री. गोळा अर्ध्यावर आला असेल तेव्हा ती आपणहून बोलू लागली. बसमध्ये तिला थांबा दिसला होता. उतरायचंही होतं. पण पाय आपले नाहीतच असं वाटलं, आणि मग दार बंद झालं, आणि दार बंद झाल्याचं बरं वाटलं, म्हणाली. मी फक्त हं म्हणत होते. नंतर मी तिला न्हाऊ घातलं, लहानपणी घालायचे तशी. खिडकीबाहेर कधी काळोख झाला ते कळलंही नाही.

बाहेर आले तो नवरा नुकताच घरात शिरत होता, कानाला फोन लावलेला, चेहरा उतरलेला. माझा मोबाइल टेबलावर मरून पडला होता.

"बाबांचं डोकं फिरलंय," तो म्हणाला. "सून कॉम्प्युटरमध्ये बसलीय म्हणतायत."

तिकडे काय घडलं ते मला चष्मेवाल्याने नंतर सांगितलं, आणि तेही चांगलंच घुश्शात. नणंदेने संध्याकाळी घरचा फोन लावला तर तो सारखा एंगेज. रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला, लागणार कसा? तिने चष्मेवाल्याला पाठवलं. त्याने बेल वाजवली, दार ठोठावलं. आतून आवाज आला, "आत्ता नाही. आत माणूस आहे." त्या भल्या माणसाला वाटलं, घरात चोर शिरलाय आणि म्हाताऱ्याला धरून बसलाय. त्याने इमारतीतली दोन माणसं गोळा केली, कडी तोडली आणि सगळे छत्र्या उगारून आत घुसले. आत सासरे एकटेच, अंधारात, कॉम्प्युटरपुढे ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. कोण आहे आत, असं विचारल्यावर त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, सून. चष्मेवाला यंत्र बंद करायला वाकला, तर त्यांनी लाकडी पट्टी त्याच्या मनगटावर हाणली.

आत उतरलेला माणूस आवाज देत नसेल, तर पॅनलवरचा माणूस हलत नाही. त्याने हाक मारायची, मारत राहायची, पण जागा सोडायची नाही. रिसीव्हरमध्ये ते मला हाका मारत होते. माझा फोन बंद पडला, तिकडे नुसती टूं टूं सुरू झाली, तरी ते बसले. मी ओल्या हातांनी नवऱ्याचा फोन घेतला, चष्मेवाल्याला लावला आणि म्हटलं, त्यांना एवढंच सांगा, मी बाहेर आले. त्याला वाटलं असणार की वेड सगळ्या खानदानातच आहे. पण त्याने सांगितलं. मला पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासरे उठले आणि आधी संडासाकडे गेले.

पण त्याला फार उशीर झाला होता, हे मला नणंदेने सकाळी सांगितलं.

नणंद रात्रीच गाडी काढून तिकडे पोचली होती. रविवारी सकाळी तिने त्याच कॉम्प्युटरवरून आम्हाला कॉल लावला. तो चालत होता, चित्र कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं. सासरे पडद्याच्या मधोमध, दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. ती त्यांच्या खांद्यामागे उभी. तिच्या मागे पलंगावर त्यांची भरलेली बॅग.

ती त्यांच्या डोक्यावरून आमच्याशी बोलू लागली, जसं काही समोर फर्निचर ठेवलंय. आता कोणी मला शिकवू नका, म्हणाली. बाबांना भास होतात. शेजाऱ्यावर हात उगारला. दुपारीच ती त्यांना घेऊन आमच्याकडे निघते, मुलीला सांगा खोली आवरायला. मी सांगू लागले की त्यात वेड काही नाही, मीच त्यांना बसायला सांगितलं होतं, मी लांबून काम करत होते, आणि 'बाहेर आले' म्हणायचं राहून गेलं.

"राहून गेलं?" ती म्हणाली. "वहिनी, बाबांचा पायजमा ओला होता. अख्खी संध्याकाळ ते त्यात बसले होते. तुम्ही होतात कुठे?"

सासऱ्यांनी मान जराशी खाली घातली. हे मी त्यांना करताना कधी पाहिलं नव्हतं.

मुलीच्या खोलीचं दार तेव्हा किलकिलं होतं, पहिल्यांदाच. आत ती ऐकत होती. मला कळत होतं की खरं सांगितलं तर हा माणूस स्वतःच्याच घरात राहील. आणि खरं सांगितलं तर त्या दाराला पुन्हा आतून कडी बसेल. नवरा माझ्याकडे बघतही नव्हता.

"झोप लागली," मी म्हटलं.

"झोप?"

"टेबलावरच डोकं टेकलं आणि लागली."

नणंद हसली. ते हसणं मी लग्नापासून ऐकत आलेय. म्हणाली, ऐंशीचा माणूस तिकडे ओल्यात बसलाय आणि ह्या झोपल्या, घरी बसून दुसरं काम तरी काय असतं म्हणा. आणि मग तिचा आवाज बदलला. तिचे डोळे बारीक झाले. चष्मेवाल्याच्या दार ठोठावण्याने, बाबांच्या हाकांनी, एवढ्या सगळ्या गोंधळाने फोन हातभर अंतरावर असताना जाग येत नाही, ही कसली झोप, हे मला पटत नाही, म्हणाली. काय लपवताय?



"घोरत होती," सासरे म्हणाले.

नणंदेने खाली वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी ऐकलंय ना. इथे, या फोनात. आधी वाटलं लाइनमध्ये बिघाड आहे. मग कळलं, हीच. गिअर बॉक्समध्ये तेल नसलेल्या मोटरसारखी." त्यांनी कॅमेऱ्यात, म्हणजे सरळ माझ्याकडे पाहिलं. "कसा संसार केला असेल माझ्या मुलाने, देव जाणे."

नवऱ्याने तोंडावर हात ठेवला. मी आयुष्यात घोरलेली नाही. आणि त्या फोनात त्यांनी माझं घोरणं ऐकलं नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं ते मला माहीत होतं: एका मुलीने दारातून मारलेली हाक, पडलेली खुर्ची, आणि त्यानंतर पाण्याचा आवाज.

नणंद अजून हरायला तयार नव्हती. ती त्यांच्याकडे वळली. मग तुम्ही उठलात का नाही, तिने विचारलं.

"ती बाहेर आले म्हणाली नव्हती."

"पण ती झोपलीय हे तुम्हाला कळत होतं."

"आत उतरलेला माणूस आतच झोपला, तर मी काय फ्यूज लावायचा?"

"आणि चष्मेवाल्याला सून आत आहे म्हणून का सांगितलंत?"

"त्याने विचारलं कोण आहे. होती ती. खोटं काय बोललो?" त्यांनी खुर्चीत बूड सरकवून घेतलं. "आणि माझ्या पायजम्याची दवंडी पिटून झाली असेल तर ऐक. तूही या खुर्चीत तेवढा वेळ बसून दाखव. मग आपण बोलू कोणाला कुठे न्यायचं ते."

नणंद ओठ चावत उभी राहिली. वेड्या माणसाला इतकं सरळ उत्तर देता येत नाही, हे तिलाही दिसत होतं. शेवटी ती म्हणाली की ठीक आहे, पण आता रोज तोंड मला नको, वहिनींना दाखवा, त्यांनीच हा घोळ घातलाय, त्यांनीच निस्तरावा. मी नको म्हणाले. सासरेही त्याच क्षणी नको म्हणाले. ती म्हणाली, मग ठरलं.

तेवढ्यात तिकडे बेल वाजली. तोडलेली कडी बसवायला सुतार आला होता. ती दाराकडे गेली. सासरे पुढे झुकले, इतके की पडद्यावर नुसतं नाक आणि चष्मा उरला.

"सुटले?" त्यांनी विचारलं. आवाज खाली, पण टोक तेच.

"बरेच. काही कापावे लागले."

"ओढून काढलेस असतील. धीर नाही तुला."

"तुम्ही तिथे नव्हता."

"हो, मी इथे होतो," ते म्हणाले.

ते मागे झाले, आणि खोलीत परत येणाऱ्या नणंदेला त्यांनी सांगितलं की उभी काय राहिलीस, ती बॅग उघड आणि माझे कपडे जिथून काढलेस तिथे ठेव, आणि घड्या विस्कटू नकोस.